कप्तानासाठी भोपळा

बारामतीच्या एसटीत रंगुबाईंच्या मांडीवर वाळलेला भोपळा बघून मागं बसलेल्या मोनालीनं कानातली गाणी बंद केली. शेजारीण लीलाबाई विचारतच होत्या.

"ह्यो कुणाला गं?"

"स्कॉटलंडला धाडायचाय कुरिअरनं. आमचा धम्मदीप तितं मासेमारीच्या बोटीवर हाय न्हवं."

"भर समुद्रात? भ्या न्हाय वाटत?"

"वाटतं की. घराएवढ्या लाटा. पर जाळं भरून आलं की समदी नाचत्यात. फोनवर दावलं त्यानं."

"आगं, भोपळा बांधून आमच्याच विहिरीत पवायला शिकला की त्यो. आता पुन्यांदा कशाला?"

"त्याला न्हाय गं. मागल्या महिन्यात कप्तान पाण्यात पडला, ह्यानंच वर वढला. तवा कळलं, सारा जन्म समुद्रात गेला, पर गड्याला पवायलाच येत न्हाय."