नावाची पट्टी

आनंदी: चहा नंतर. आधी साबणानं हात धुऊन या. आणि येताना दाराला आतून कडी घाला.

मुक्ताबाई: कडी? भर दिवसा? विहीणबाई, फोनवर म्हणलात, "एकट्या या, कुणाला सांगू नका." बाळंतिणीपाशी जावंला बसवलं अन् तशीच वारज्याहून रिक्षात बसले.

आनंदी: राजनंदिनी कशी आहे? आणि बाळ?

मुक्ताबाई: लेक बरी, नात त्याहून बरी. पिती, झोपती, उठून बोंब मारती. तुम्हीच तेवढ्या बऱ्या दिसंना.

आनंदी: मला काही धाड भरलेली नाही. हे वाचनालयात गेलेत, एक वाजेपर्यंत यायचे नाहीत. तेवढ्यात काम उरकायचंय. हे बघा.

मुक्ताबाई: अगं बया! दुपटं! मोर काय, पोपट काय, वेल काय! ह्ये समदं सुईनं?

आनंदी: नाहीतर काय, कुंचल्यानं? घरं मोजायचं मॅटीचं कापड आणि फुलीचा टाका. शाळेत तीस वर्षं मुलींना हेच शिकवलं. घरातल्या प्रत्येक बाळाचं दुपटं मी भरलंय. माझ्या आमोदचं, स्वरालीचं, पुतण्यांचं, भाच्यांचं. एकोणीस झाली. हे विसावं.

मुक्ताबाई: मागची बाजू बगू? ...आई गं. मागनंबी तसंच! न्हाईतर आमच्या वाकळा. मागनं बघितल्या तर सुईला दारू पाजली म्हणाल.

आनंदी: आता ही काठाची पट्टी बघा.

मुक्ताबाई: ही कोरीच हाय.

आनंदी: तिथं नाव यायचंय. रविवारी बारसं.

मुक्ताबाई: अन् आज शुक्रवार.

आनंदी: वार मलाही कळतात, मुक्ताबाई.

मुक्ताबाई: मंग भरत का न्हाई?

आनंदी: मला दिसत नाही.

मुक्ताबाई: आँ?

आनंदी: डोळ्याच्या पडद्याला काहीतरी झालंय. मधलं सगळं धूसर. आत्ता तुमच्याकडे बघतेय ना, तर पदराचे काठ दिसतायत, तोंड दिसत नाही. मोर होईपर्यंत कसंबसं निभावलं. आता कापडाची घरंच एकमेकांत मिसळतात. तीन दिवस झाले, टाका घालते आणि उसवते.

मुक्ताबाई: जावईबापूंना सांगितलंत?

आनंदी: कुणालाही नाही. डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आले. घरात कळलं की मला जपायला लागतील. आई, बसून राहा. आई, सुई ठेव. नको मला ते. आधी हे दुपटं नावासकट पुरं होऊ दे, मग काय व्हायचं ते होईल.

मुक्ताबाई: आवो, मग तुमच्या हाताखालच्या पोरी असतील की गल्लोगल्ली. त्यातल्या एकीला सांगायचं.

आनंदी: ती भरेल छान, आणि संध्याकाळी नाव अख्ख्या पेठेत. बारशाआधी नाव बाहेर फुटायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माहीत असतं ते फक्त आईबापांना आणि दुपटं भरणारीला.

मुक्ताबाई: मग मी कशी चालंन?

आनंदी: तुम्ही... म्हणजे असं की...

मुक्ताबाई: बोला की. अडखळणाऱ्या बाई न्हाई तुम्ही.

आनंदी: तुम्हाला वाचता येत नाही. म्हणून.

मुक्ताबाई: व्हय. खरं हाय त्ये. शाळंची पायरी न्हाई चढले. पुण्याची माणसं तोंडावर बोलत्यात म्हणून ऐकून व्हते, आज बघितलं.

आनंदी: राग आला?

मुक्ताबाई: आला. पर दुपटं माझ्या नातीचं हाय. आणा ती सुई.

आनंदी: लाल लडी घ्या. सहा पदर असतात, त्यातले दोनच काढा. आधी एक तिरका टाका, मग त्याच्यावर उलटा तिरका. झाली फुली. फक्त वरचा टाका दर वेळी एकाच अंगाला पडला पाहिजे, नाहीतर सगळं विस्कटलेलं दिसतं.

मुक्ताबाई: ह्ये बघा.

आनंदी: बघता येत असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का? बोट लावू द्या. हं, बरा आहे हात. आता वरून खाली नऊ फुल्या, सरळ. वरची आडवी रेघ शेवटी घालू.

मुक्ताबाई: नऊ. पुढं?

आनंदी: मधल्या फुलीपासून डावीकडे चार. तिथून वर चार. आणि कोपऱ्यात खाली एक छोटी गाठ.

मुक्ताबाई: न बघता कसं वो ध्यानात ऱ्हातं तुमच्या?

आनंदी: भाकरी थापताना तुम्ही मोजपट्टी लावता का? तसंच. बोलू नका, मोजणी चुकेल. आता पहिल्या उभ्या रेघेच्या पायाशी बाक द्या.

मुक्ताबाई: शेपटावाणी?

आनंदी: शेपूट म्हणा हवं तर. मग तीन घरं सोडून दुसरी उभी रेघ, पुन्हा नऊ. तिच्या डाव्या अंगाला गोल पोट.

(बराच वेळ नुसता दोरा ओढल्याचा आवाज.)

आनंदी: झालं पोट? मुक्ताबाई? ऐकताय ना? आता उजवीकडे...

मुक्ताबाई: घातलंय.

आनंदी: काय घातलंय? मी अजून सांगितलं कुठे?

मुक्ताबाई: उजवीकडचा हात. पुढच्याला जोडून. त्याची वळणबी घातली अन् त्याची उभी रेघबी.

आनंदी: अहो थांबा, त्याच्यापुढे...

मुक्ताबाई: त्याच्यापुढं आनखी एक उभी. एकलीच. आता तीच भरतीया.

आनंदी: इकडे द्या ते. बोट फिरवू द्या मला. दोन, तीन, चार... हे बरोबर आहे. हेसुद्धा. सगळं बरोबर आहे! कसं केलंत तुम्ही हे?

मुक्ताबाई: ताई, ह्ये माझं नाव हाय.

आनंदी: तुम्हाला वाचता...

मुक्ताबाई: दुसरं काय बी येत न्हाई. दुकानाची पाटी न्हाई, बसचा बोर्ड न्हाई. येवढंच येतं. रस्त्यात जमीन गेली तवा कागदावर अंगठा मागत व्हते. राजी तिसरीला व्हती. म्हणली, आई, तू अंगठा द्यायचा न्हाई. पंधरा दिस तिच्या पाटीवर माझा हात धरून गिरवून घेतलं. मुक्ता. तेवढंच. "बाई"सुदिक जमलं न्हाई.

आनंदी: अरे देवा. म्हणून मोठी अक्षरं.

मुक्ताबाई: काय?

आनंदी: नाव ठरल्यावर राजनंदिनी फोनवर म्हणाली, "आई, अक्षरं मोठी काढा हं, लांबून वाचता आली पाहिजेत." मला वाटलं, हिला माझ्या डोळ्यांचं कळलंय आणि ही टोमणा मारतेय. दोन दिवस धड बोलले नाही तिच्याशी. बाळंतिणीशी! आणि ती बिचारी तुमच्यासाठी सांगत होती. नातीचं नाव तुम्हाला वाचता यावं म्हणून.

मुक्ताबाई: माझी गुणाची गं बाय... पर ताई, जित्या माणसाचं नाव ठेवत्यात व्हय? लोक काय म्हणतील? अन् पोरीला दटावताना माझं नाव घेणार का ती?

आनंदी: घेईल. आणि तुम्ही दोघी एकदम दचकाल. मी नको म्हटलंच होतं. माझी नावांची यादी तयार होती, दीड पानाची. कुणी उघडूनसुद्धा बघितली नाही.

मुक्ताबाई: मन दुखलं असंल तुमचं.

आनंदी: दुखलं. खोटं कशाला बोलू? एकोणीस दुपटी भरली, पण आनंदी नाव ठेवावं असं कुणाच्या मनात आलं नाही. पण मघाशी माझ्या बोटाला ती अक्षरं लागली ना, तेव्हापासून नाही दुखत. आणि तुम्हाला वाचता येत नाही म्हणून बोलावलं, ते चुकलंच माझं.

मुक्ताबाई: आता तुम्ही रडू नका. डोळ्याला तरास.

आनंदी: त्यांना आता काय जपायचंय?

मुक्ताबाई: वा! नात रांगताना कोण बघणार? सोमवारी मी येते दवाखान्यात. एकटीनं जायाचं न्हाई.

आनंदी: बरं.

मुक्ताबाई: पर रीत मोडली की वो. मला आधीच कळलं.

आनंदी: कुठे मोडली? दुपटं भरणारीला कळतंच. या वेळी भरणारी तुम्ही. घाला आता वरची रेघ.

मुक्ताबाई: घालते. रविवारी मी कोपऱ्यात गप बसून ऱ्हाईन, कुणाला सुगावा लागायचा न्हाई.

आनंदी: बसू देतेय! आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं की मी दुपटं उघडून पाहुण्यांना वाचून दाखवते. दर वेळी.

मुक्ताबाई: मग?

आनंदी: या वेळी सांगणार, मला दिसत नाही. सगळ्यांसमोर, आमोदसमोर. मुक्ताबाई वाचतील.

मुक्ताबाई: येवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत? मी?

आनंदी: घाई करायची नाही. एकेक अक्षर लावून, सावकाश.

मुक्ताबाई: वाचंन.