मालवायचे राहिलेले दिवे

धाकटा: साडेचार वाजले, ताई. पाचला गेमचा शेवट साहेबांना पाठवायचाय, आणि माझ्या उजाड शहरात तू रोषणाई करून ठेवलीस.

ताई: मग खेळायला दिलास कशाला? तूच म्हणालास, पाय प्लास्टरमध्ये आहे, ड्यूटी बंद आहे, नर्सबाई, पडल्या पडल्या चुका शोधा.

धाकटा: शोधा म्हटलं होतं. करा नव्हतं म्हटलं.

ताई: काय केलं मी?

धाकटा: घरात शिरलं की दिवा लावायचा, औषध-पाणी शोधायचं, दिवा मालवून निघायचं. उजेड दिसला की पहारेकरी यंत्रं मागे लागतात, म्हणून सगळे मालवतात. तू एकाही घरातला मालवला नाहीस.

ताई: तरीच सारखी पकडली जात होते.

धाकटा: आणि सुटलीस की परत तेच.

ताई: अरे, मागून कुणी आलं तर त्याला कळायला नको, पुढे कुणीतरी गेलंय म्हणून?

धाकटा: मागून कुणी येत नाही. त्या शहरात तुझ्याशिवाय माणूसच उरलेलं नाही. मीच लिहिलंय तसं.

ताई: मला कुठे सांगितलं होतंस?

धाकटा: शेवटी तू मनोऱ्यावर चढतेस. रेडिओ लावतेस, पलीकडून कुणी बोलत नाही. मग वरून सगळं शहर दिसतं, काळंकुट्ट. संपलं. आता तिथे तुझे दिवे दिसतायत, कारण ते आपोआप विझवायची सूचना कोडमध्ये लिहायला मी विसरलो.

ताई: पाहिले मी. थेट नदीपर्यंत रांग होती. डोळ्यांत पाणी आलं.

धाकटा: साहेबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, चूक आहे, काढून टाक. दोन ओळींचं काम. वर म्हणाले, असल्या गेमचा शेवट गोड केला की खेळणाऱ्याची फसवणूक होते.

ताई: गोड कुठाय? रेडिओवर कुणी बोललं का?

धाकटा: तू पहिल्यापासून अशीच. आई-बाबा कामावर असले की तू मला ती कोल्ह्याची गोष्ट वाचून दाखवायचीस. कोल्हा नदी पोहून जातो आणि पिल्लांपाशी पोचतो. नववीत मी स्वतः वाचली ती. बुडतो तो, ताई.

ताई: झोप लागायची ना पण?

धाकटा: विषय तो नाहीये.

ताई: बरं. कोल्हा मी वाचवला, पुस्तकाने नाही. पण हे दिवे मी मनाने सांगितलेत का? एकेक लावत गेले, मार खात. वॉर्डात रात्री आम्हीही कुणाला बरं व्हाल म्हणून शब्द देत नाही. पण सगळे दिवे मालवत नाही. एक ठेवतो.

धाकटा: झालं. आला वॉर्ड.

ताई: येणारच. पोट चालतं माझं त्याच्यावर. मला एवढंच सांग ठोंब्या, ज्याने सगळे दिवे मालवले, त्याला शेवटी काय दिसेल?

धाकटा: अंधार.

ताई: मग फसवलं कुणाला? ज्याने जे केलं, ते त्याला दिसलं.

धाकटा: जरा गप्प बसतेस?

ताई: बसले.

(कळफलकाचा आवाज.)

ताई: पाच वाजून गेले रे. काढलेस?

धाकटा: नाही. तसेच पाठवले. सोबत लिहिलं, चूक माझीच आहे, पण राहू द्या.

ताई: नोकरी जाईल का?

धाकटा: नोकरी नाही जायची. शेवट जाईल.

ताई: काय म्हणाले?

धाकटा: काहीच नाही. मला वाटलं, थेट शेवट उघडून बघतील. पण पहिल्यापासून खेळतायत. कुठवर पोचलेत ते इथे दिसतं मला.

ताई: कुठवर?

धाकटा: पहिल्याच घरात आहेत. औषध घेतलं. आता दारापाशी थांबलेत.

ताई: आणि दिवा?

धाकटा: अजून चालू आहे.