कॉलेजच्या भिंतीवरचे पणजोबा

हसा तुम्ही, पण तेव्हापासून मला घरच्या हॉलमधल्या त्या फोटोकडे बघवत नाही. आमच्या पणजोबांचा एकही फोटो घरात नव्हता. ते आपल्या कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिकलेले. म्हणून माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तिथल्या भिंतीवरच्या जुन्या ग्रुप फोटोतला एक भारदस्त चेहरा, "हेच आपले," म्हणत मोठा करून आणला. गेली कित्येक वर्षं त्याला रोज हार!

परवा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तिरुप्पनंदाळचे एक म्हातारे गृहस्थ त्याच ग्रुप फोटोपुढे उभे होते. मी ऐटीत बोट ठेवलं, "हे आमचे पणजोबा."

"ते माझे आजोबा," ते तमिळमध्ये म्हणाले.

मी वाद घालायला लागलो. त्यांनी शांतपणे चष्मा काढला आणि ते फोटोला खेटून उभे राहिले. तेच सुपासारखे कान, तीच हनुवटीवरची खळी. भोवतालचे सगळे हसले.

मग त्यांनी आपुलकीनं विचारलं, "तुमचे यातले कोणते, सर?"

मी सगळ्या रांगा बघितल्या. एकही चेहरा आपला वाटेना. मान खाली घालून घरी आलो, तर अप्पा हार घालता घालता माझ्या मुलाला सांगत होते, "बघ, नाक अगदी ह्यांचंच घेतलंयस!"