हवेतला धागा

ताराचंद: कुत्रंच होतं वं जनाबाई. आडवं आलं, मी गाडी वळवली, चाक डिव्हायडरले घासलं. संपलं. तू काहून एवढं धरून बसली?

जनाबाई: कोणत्या रंगाचं होतं?

ताराचंद: काय?

जनाबाई: कुत्रं.

ताराचंद: काळं. नाही तर तपकिरी असन. तेवढ्यात रंग कोण पाहते? चहा पी अन् चल. सव्वाबाराले शाळेच्या गेटवर गाडी लावा लागते. लेकरं घरी सोडून मले आरटीओत लायसनची फाईल द्याची हाय, चारच्या आत.

जनाबाई: पुलावर कुत्रं नव्हतं, भाऊ. रस्ता रिकामा होता. पूल वळला, तुमी वळले नाही.

ताराचंद: धीरे बोल. चौकीदार ऐकन.

जनाबाई:  सकाळी लेकरं शाळेत आणून राहिलो होतो. मागं सव्वीस लेकरं गाणं म्हणत होते अन् मी तुमच्या खांद्यावरून स्टेअरिंगले हात घातला. मी, सायकल नाही येत मले.

ताराचंद: तू हात घातला?

जनाबाई: मंग कोणं?

ताराचंद: मले वाटलं, मीच वळवली.

जनाबाई: हेच सांगून राहिली मी.

ताराचंद: अरे, बावीस वर्षं झाले गाडी चालवून. हे पाहा, कालचा डॉक्टरचा कागद. डोळे तपासले, शेवटची बारीक ओळ वाचली मी. लाल-हिरवा ओळखला. कान पाहिले, बीपी पाहिलं, मूठ दाबून दाखवली. डॉक्टर म्हणे, ताराचंदजी, तुमची मूठ तर पैलवानाची हाय. फिट. शिक्का मारला. आता पाच वर्षं कोणी विचारत नाही.

जनाबाई: अन् त्याच्यावरचं पान? ते वाचा. माह्यापाशी चष्मा नाही.

ताराचंद: ते आपलं आपणच भराचं असते. 'फेफरे, अचानक शुद्ध हरपणे किंवा चक्कर येणे, असा काही त्रास आहे काय?' नाही. खाली माही सही.

जनाबाई: तुमी खोटं लिहिलं असं नाही म्हणत मी.

ताराचंद: मंग काय म्हणतं?

जनाबाई: तुमाले कसं ठाव?

ताराचंद: हे बरं हाय. ज्याले होते त्यालेच ठाव नसन?

जनाबाई: ज्याले होते तो तेव्हा तिथं नसतेच न, भाऊ.

ताराचंद: कोड्यात नको बोलू. सरळ सांग.

जनाबाई: तुमच्या मायचं गाणं. मागावर धोटा फेकता फेकता म्हणे ते. आता तुमी गाडीत म्हणता, लेकरं मागून म्हणतात. पुलापाशी सुरू होते अन् शाळेच्या गेटवर संपते. संक्रांतीच्या आठवड्यात पहिल्यांदा त्याची मधली ओळ गेली. मले वाटलं, विसरले. मंग पुन्हा गेली. तवा मी मागच्या दाराची जागा सोडली अन् तुमच्या सीटमागं येऊन बसली.

ताराचंद: तू तर म्हणली होती, मागं धूळ येते.

जनाबाई: म्हणली होती. ओळ जाते न, तवा तुमची बोटं फिरतात. अंगठा अन् हे बोट. धागा सांधल्यासारखी. सिग्नलवर दोनदा पाहिलं, गेटवर उभ्या गाडीत एकदा. चालत्या गाडीत आजच.

ताराचंद: संक्रांतीपासून? अन् मले आज सांगून राहिली?

जनाबाई: हो.

ताराचंद: काहून?

जनाबाई: तुमी मले गाडीत लेकरं सांभाळाच्या या नोकरीले लावलं. आमचा माग विकला तवा घरात कोणी विचारत नव्हतं, तुमी गाडीमालक रुपरावजीपाशी शब्द टाकला. कोणत्या तोंडानं सांगू? ओळ गेली का मी म्हणायची. तुमी परत यायचे, पुढची ओळ उचलायचे. लेकरांले समजे नाही. आपल्या घरात धागा तुटला तर कोणी ओरडते काय? गाठ मारते अन् माग चालू ठेवते. मी तेच केलं. पाप केलं मी, भाऊ. आज दामिनीनं विचारलं, आजी, काका गाणं म्हणता म्हणता कुठं जातात? पाच वर्षाची पोरगी.

ताराचंद: पोरीचं काय. थकला असन माणूस. भावना बी म्हणते घरी, तुमी तंद्रीत राहता. तंद्री कोणाले नाही लागत?

जनाबाई: पुलावर?

ताराचंद: बरं, ऐक. आता म्हणतो तुह्यासमोर. बोटं बी पाह्य, हे स्टेअरिंगवर ठेवली.

धोटा गेला माहेरी, धोटा आला सासरी,
लाल काठ पदरी, बाई माह्या.
धोटा गेला वाकून, तुटला धागा झाकून,
गाठ दिली राखून, बाई माह्या.
धोटा गेला घरोघरी, लेकरं आली दारी,
मोजून घे गं सारी, बाई माह्या.

गेली काय एखादी ओळ?

जनाबाई: नाही.

ताराचंद: बोटं फिरली?

जनाबाई: नाही.

ताराचंद: मंग? उगाच जीव घाबरा केला माहा. ही पाह्य किल्ली, चल आता, बाराच्या वर झाले. अन् रुपरावजीपाशी यातलं एक अक्षर काढजो नको. मालक हाय तो. त्याले वाटन का मी...

(ताराचंदचं बोलणं अर्ध्यावर तुटतं. फक्त उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरतो आहे.)

जनाबाई: भाऊ? ... ताराचंदभाऊ, इकडं पाहा. ... तीन. चार. ... देवा, माह्याकडंच पाहून राहिले. ... सात. ... सोडा ही, बोट सोडा. असं. ... दहा. अकरा.

ताराचंद: ...मी दारू पिऊन गाडी चालवतो. समजलं काय? चल, दार लाव मागचं.

जनाबाई: लावते. गाडी सुरू करा.

ताराचंद: किल्ली कुठं गेली?

जनाबाई: कुठं ठेवली, आठवते?

ताराचंद: आता तर माह्या हातात होती. खाली पडली काय? पाह्य बरं तुह्या पायापाशी.

जनाबाई: माह्या मुठीत हाय.

ताराचंद: तू कधी घेतली?

जनाबाई: तुमी 'त्याले वाटन' म्हणले त्याच्यानंतर. बोट उघडून काढली.

ताराचंद: मले कसं नाही समजलं?

जनाबाई: अकरा मोजले मी.

ताराचंद: डोळे मिटले होते माहे?

जनाबाई: उघडे होते. माह्याकडंच पाहत होते तुमी.

ताराचंद: जनाबाई, मले भेव लागून राहिलं.

जनाबाई: हो. पाणी घ्या.

ताराचंद: माय बी थांबे. मागावर, मधेच. हात वर राहे अन् बोटं फिरत. आमी पोरं हसत होतो, म्हणत होतो, पाहा, माय हवेतला धागा सांधून राहिली. तो माग होता वं. माग थांबला तर कोणाचं काय जाते? पुलावरून अकरा मोजले तर गाडी कुठवर जाते?

जनाबाई: नका तिथवर जाऊ. आता इथंच हाय आपण. गाडी बंद हाय.

ताराचंद: सव्वीस लेकरं.

जनाबाई: सगळी शाळेत हाय. मी मोजून उतरवली.

ताराचंद: फोन लाव रुपरावजीले. म्हण, प्रीतम ड्रायव्हरले पाठवा, तो मोकळा हाय आज. नाही, दे, मीच बोलतो. आज खरं बोलतो, उद्या जीभ वळन का नाही ठाव नाही.

जनाबाई: लेकरं पंधरा मिनिटं थांबतीन. मी शाळेच्या बाईंले निरोप देते.

ताराचंद: अन् मंग माहं काय? ड्रायव्हरचा बिल्ला कोण देईन मले? बावीस वर्षांत दुसरं काही शिकलो नाही.

जनाबाई: धंतोलीत मेंदूचे डॉक्टर हाय. औषधानं थांबते म्हणतात. भावनावहिनीले घेऊन जाऊ, मी बी येते. मी जे पाहिलं ते तुमाले सांगता येणार नाही न.

ताराचंद: अन् लायसन?

जनाबाई: ते मले ठाव नाही. दोन महिने गप राहिली, आता गोड काहून बोलू?

ताराचंद: ही फाईल तुह्यापाशी ठेव. चारच्या आधी मी मागन. भांडून मागन, पायाही पडन. देजो नको.

जनाबाई: नाही देणार.

ताराचंद: मी बी बसतो गाडीत. मागं, लेकरांमधी. काका एकाएकी दिसला नाही तर भेतीन ते.

जनाबाई: दामिनीजवळ जागा हाय.

ताराचंद: अन् गाणं?

जनाबाई: तुमीच म्हणा. रोज म्हणता तसं.

ताराचंद: म्हणतो. पण ओळ गेली तर आता तू भरू नको वं. नुसतं मोज.