बाहेरचं औषध बंद

आमच्या घराण्यात कावीळ उतरवायचं दैवी देणं सात पिढ्यांपासून आहे, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो. काय सांगू तुम्हाला, काविळीची ती माळ माझ्या आजोबांनी धुळ्याच्या बाजारात एका माणसाकडून शिकून घेतली, म्हणजे माझ्यापर्यंत तीनच पिढ्या होतात, पण कुणी मोजल्या नाहीत. दोंडाईच्याजवळ आमचं गाव, शेतात कापूस, मिरची, आणि रविवारी सकाळी ओट्यावर बसून माळा द्यायच्या.

ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासात अडकवायचे आणि ती इवलीशी माळ डोक्यावर ठेवायची. काड्या सुकतात, फास सैल होतात, माळ वाढत वाढत गळ्यात येते, मग छातीवर. लोक म्हणायचे, उतरली कावीळ. बहुतेकांची तशीही उतरते. पथ्य मात्र कडक, तेल नाही, हळद नाही आणि बाहेरचं औषध बंद. वडील म्हणायचे, दोन्ही चालू ठेवलं तर गुण कुणाचा ते कळणार कसं.

सुभाष माझा भाचा, अक्काचा एकुलता एक, आग्रा रोडवर ट्रक चालवायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्याला एड्स निघाला, आणि लिव्हरमध्ये काविळीचाही जंतू. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या, त्यातली एक दोन्ही आजारांना धरून ठेवते म्हणाले, आणि बजावलं, एक दिवस चुकवायचा नाही. हे त्यानं फक्त मला सांगितलं, आईला कळू देऊ नका म्हणाला. गोळ्यांनी अंग भरलं, परत गाडीवर जायला लागला. मग एकदा डोळे पिवळे दिसले म्हणून ओट्यावर आला. गोळ्यांचं काय करू मामा, असं त्यानं विचारलं होतं, हो, विचारलं होतं, आणि मी म्हणालो, नियम तो नियम, घरच्यांना वेगळा नाही. पंधरा दिवस बंद, मग चालू, परत पिवळा, परत बंद. असं तीनदा.

तिसऱ्यांदा पोट फुगलं तेव्हा धुळ्याला नेलं. डॉक्टर सांगत होते, गोळ्या सोडून धरून, सोडून धरून एड्सच्या जंतूला त्यांची सवय झाली, आता त्या लागू पडत नाहीत, दुसऱ्या माझ्याकडे नाहीत, आणि बंद केल्यामुळं लिव्हरचा जंतू उसळला तो वेगळाच. मग त्यांनी विचारलं, बंद करायला सांगितलं कुणी?

मी शेजारीच उभा, हातात त्याची पिशवी. रांगेत आमच्याकडचे दोघं होते, एकानं नुकताच मला वाकून नमस्कार केला होता.

सुभाष म्हणाला, कंटाळा आला साहेब, मीच सोडल्या.

डॉक्टर त्याला बोल बोल बोलले, अडाणी म्हणाले, जिवाची किंमत नाही म्हणाले, तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि मीही ऐकत राहिलो, जसं काही दुसऱ्याचंच चाललंय. बाहेर व्हरांड्यात मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणतो, राहू द्या मामा, बठ्ठं गाव तुमनाकडे येस, सगळं गाव.

चार महिन्यांत गेला. मी माळा बंद केल्या, हात थरथरतो असं कारण दिलं. अक्काला खरं काय ते सांगायला दोनदा निघालो, दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.

लोक अजून येतात. अक्काच पाठवते. सांगते, माझा सुभाष कशानं गेला देव जाणे, पण त्याची कावीळ माझ्या भावानं तीनदा उतरवली होती.