पश्चिमेचा सूर्य आणि शहाळं

—नको नको, साहेब, चटईवरच बस. खुर्चीचा पाय मोडलाय — नको असलेल्या पाहुण्याला मी मुद्दाम तीच देते, पडला की तेवढीच करमणूक! तुला वाचवला बघ. हां, तर मघा शाळेत पोरांना काय सांगत होतास? मी खिडकीशीच उभी होते. सूर्याच्या पोटात म्हणे लाकूड नाही, तेल नाही — ती सगळ्यात हलकी हवा, हायड्रोजन का काय, तिचे कण तो आपल्याच वजनानं असे दाबतो, असे दाबतो, की चारांचा मिळून एक होतो. थोडं वजन हरवतं, त्याचाच हा सगळा उजेड. ताऱ्यांचंही तेच. बरोबर ना? आणि सांगताना तू हसत होतास. शी!

अरे, तोच खेळ तुझ्या लोकांनी आमच्या बेटाशेजारी, बिकिनी बेटावर, बॉम्ब फोडून केला की! सूर्य निदान मूठ आवळून बसतो, जरा-जरा देतो. यांनी मूठच उघडली. मी एवढीशी — पहाटे पश्चिमेला सूर्य उगवला म्हणून टाळ्या पिटल्या मी! मग पांढरी भुकटी पडली आकाशातनं, आम्ही पोरी अंगाला फासून नाचलो. नंतर माझ्या धाकट्या बहिणीचे, लिबोनचे, केस आईच्या फणीत — झुबकेच्या झुबके — ईऽऽ, अजून बोटांना चिकटल्यासारखे वाटतात.

जाऊ दे. घसा सुकला म्हणत होतास ना? हे घे शहाळं. सकाळी सभेत तूच म्हणालास — ‘बुबू’ म्हणतोस वर, आमची पोरं आजीला म्हणतात तसं — ‘बुबू, तुमचं बेट आता स्वच्छ आहे, खुशाल परत जा.’ मग हे तिथलंच. आमच्या दारच्या माडाचं, भाच्यानं काल बोटीतनं आणलं. पी की!... का रे? ओठाशी नेऊन थांबलास का? नको, खाली ठेवू नकोस, तुझा हात बघू दे मला नीट.

अरे वेड्या, इथल्याच, माजुरोच्या बाजारातलं आहे ते! हस की. नाही ना येत हसू? मलाही नाही येत. मागंही तुमच्यातल्याच कुणी स्वच्छ म्हणून नेलं होतं आम्हाला परत — लिबोन तिथंच गेली, तिथंच पुरलीय. तिच्या शेजारची जागा माझी. ते दारामागचं गाठोडं दिसतंय? तू एक घोट घेतला असतास, तर उद्याच्या बोटीत बसणार होते मी. खरंच. ती काही चेष्टा नव्हती.

आता पितोस होय? आता काय उपयोग! दे इकडं, डुकराला घालते. ऊठ. ऊठ चटईवरनं. तुझी गाडी येईपर्यंत त्या खुर्चीत बस.