न विचारलेला रंग

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, स्टुडिओतले माझे सहकारी, आणि आज ज्यांना निरोप देताना जीभ जड झाली आहे त्या आमच्या रंगताई,

ताईंचं कौतुक आधीच्या वक्त्यांनी भरभरून केलंय. मला एकच प्रसंग सांगायचाय. तो सांगायला मला नऊ वर्षं लागली.

कृष्णधवल फोटोत एकाच वस्तूला रंग द्यायचा, बाकी सगळं तसंच ठेवायचं, यात ताईंचा हात धरणारं कुणी नाही. पण "रंग नक्की कोणता होता?" हे गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्या कामाला बसायच्या नाहीत. आम्ही हसायचो. मी तर जरा जास्तच.

ताई रजेवर असताना एक आजोबा आले. फोटोत पायरीवर बसलेली त्यांची सहा वर्षांची मुलगी. फोटो काढला त्याच वर्षी ती तापात गेली होती. म्हणाले, "तिचा स्वेटर तेवढा रंगवून द्या."

मी विचारलंच नाही. लाल उठून दिसतो, म्हणून लाल केला. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा अभिमान वाटला होता.

आठवड्याने त्या आजोबांच्या पत्नी, आजी, एकट्याच आल्या. काउंटरवर ताई होत्या.

"हिरवा होता हो तो. मीच विणला होता."

ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "चूक माझी आहे, आजी. उद्याच हिरवा करून देते."

"नको. ह्यांनी भिंतीवर लावलाय. आता त्यांनाही लालच आठवतो. मी हिरवा म्हटलं की म्हणतात, तुझं वय झालं." मग त्या म्हणाल्या, "कुणाला तरी माहीत असावं, म्हणून आले."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. पुढे झालो नाही. मालकांनी ताईंना सगळ्यांदेखत झापलं, तेव्हाही नाही. ताई मला एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी विचार."

मालक, आपण समोरच बसला आहात. ती चूक माझी होती.

गेल्या वर्षी पत्ता शोधत मी त्या घरी गेलो. दारावर पाटी दुसऱ्याच कुणाची होती.

अध्यक्ष महोदय, बोलू दिलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेने पदरात घ्यावं. ताई, तुमची माफी आज सगळ्यांसमोर मागतो. आजींची मागायची राहून गेली.